एका काचाभ द्रव्याचा इतिहास

२०२१ सालच्या चैत्र-वैशाखांत महाराष्ट्रांतील घराघरांतून बोटाला चिमटा लावून आंकडा वाचण्याची एक नवीच नित्यक्रिया सुरू झाली होती. ९४ चे ९२ झाले कीं घरांतील माणसें एकमेकांची नजर चुकवून उठत, आणि कोणी प्राणवायूच्या नळकांड्यासाठीं तर कोणी रुग्णालयांतील खाटेसाठीं दूरध्वनि करूं लागे. आमच्या घरींही तो प्रसंग आला. माझे थोरले बंधु १७ दिवस रुग्णालयांत होते. चौदाव्या दिवशींच्या तपासणींत विषाणु सांपडला नाहीं, तेव्हां आम्हीं सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. सतराव्या दिवशीं ते गेले. दिवसवार आटोपल्यावर एका संध्याकाळीं वहिनींनीं मला विचारलें, “भावोजी, विषाणु तर निघून गेला होता ना? मग हे कां गेले?” मी इतिहासाचा अध्यापक, वैद्यकाशीं माझा संबंध औषधाच्या चिठ्ठीपलीकडे कधीं आला नव्हता. मजजवळ उत्तर नव्हतें, आणि ‘दैव’ हा शब्द उच्चारण्याचा धीर झाला नाहीं.

त्यानंतर सवडीनुसार जें वाचलें, त्यावरून एवढें समजलें कीं, हा प्रश्न वहिनींच्या आधीं पुष्कळांनीं विचारलेला आहे. फुफ्फुसाला इजा करणारें कारण नाहींसें झाल्यावरही इजा वाढतच कां जाते, असें त्याचें शास्त्रीय रूप. त्याच्या उत्तरांत अनेक द्रव्यें, अनेक पेशी व अनेक संशोधक यांचा वांटा आहे. त्यांपैकीं एकाच धाग्याचा इतिहास येथें सांगावयाचा आहे. धागा हा शब्द येथें अलंकारिक नाहीं. हायल्युरोनन नांवाचें जें द्रव्य मीं या लेखासाठीं निवडलें आहे, तें खरोखरच धाग्यासारखें लांबट असतें. आणि तो धागा अखंड आहे कीं तुटलेला आहे, यावर पुढील सर्व कथा अवलंबून आहे.

१

या कथेचा आरंभ फुफ्फुसांत होत नाहीं, डोळ्यांत होतो. कार्ल मायर यांचा जन्म १८९९ सालीं जर्मनींत झाला. वैद्यक व रसायन या दोन्ही शास्त्रांचें शिक्षण घेऊन ते १९३० सालीं अमेरिकेंत गेले. ते ज्यू होते. १९३३ सालीं हिटलरची राजवट आल्यावर मायदेशीं परतण्याची वाट उरली नाहीं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील नेत्रवैद्यक विभागांत त्यांना आश्रय मिळाला. नेत्रवैद्यांच्या घरीं राहिलेल्या या रसायनज्ञानें स्वाभाविकपणेंच डोळ्याकडे लक्ष दिलें. डोळ्यांतील भिंगाच्या मागें जो पारदर्शक, लिबलिबीत रस भरलेला असतो, त्यास आपल्याकडे काचाभ द्रव म्हणतात. त्याला हा दाटपणा कशानें येतो? गुरांचे डोळे आणून मायर व त्यांचे सहकारी जॉन पामर यांनीं त्या रसांतून एक अपरिचित शर्करामय द्रव्य वेगळें काढलें आणि १९३४ सालीं तें प्रसिद्ध केलें. ग्रीक भाषेंत काचेला ‘हायलॉस’ म्हणतात. द्रव्याच्या घटनेंत युरोनिक आम्ल होतें. या दोहोंचा संधि करून त्यांनीं ‘हायल्युरोनिक आम्ल’ असें नांव ठेविलें. शरीरांत तें आम्लरूपानें नसून क्षाररूपानें असतें, म्हणून १९८६ सालीं ‘हायल्युरोनन’ हें अधिक समर्पक नांव सुचविण्यांत आलें व तेंच आतां रूढ झालें आहे.

लवकरच हें द्रव्य नवजात अर्भकाच्या नाळेंत सांपडलें, सांध्यांतील वंगणांत सांपडलें, त्वचेंत सांपडलें. त्याची संपूर्ण रचना उलगडण्यास मात्र २० वर्षें लागलीं. १९५४ सालीं मायर व वाइसमन यांनीं दाखविलें कीं, दोन प्रकारच्या शर्करांचे मणी एकाआड एक ओवून ही माळ तयार होते. माळेची घडण इतकी साधी, कीं बालकानेंही ओवावी. परंतु तिची लांबी विलक्षण. १०,००० जोड्यांची माळ ताणून धरली तर ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी, म्हणजे रक्तांतील एका तांबड्या पेशीच्या व्यासाहूनही लांब भरेल. एका रेणूच्या मानानें ही लांबी राक्षसीच म्हटली पाहिजे. अशी माळ पाण्यांत गुंतवळासारखी पसरते आणि स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते. सुमारें ७० किलो वजनाच्या मनुष्याच्या शरीरांत हें द्रव्य अवघें १५ ग्रॅम असतें. पण त्यांतील सुमारें तिसरा हिस्सा रोज मोडतो व रोज नवा होतो. हाडासारख्या टिकाऊ वस्तूंची ही जात नव्हे. अंगणांतील सडा-रांगोळीप्रमाणें तें रोज पुसलें जातें व रोज घातलें जातें. मोडणें हा त्याचा अपघात नसून स्वभाव आहे, ही गोष्ट वाचकांनीं पुढील विवेचनासाठीं लक्षांत ठेवावी.

२

मायर यांच्या शोधापूर्वींच, १९२८ सालीं, फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स या कॅटलन संशोधकाला एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. प्राण्याच्या वृषणाचा अर्क देवीच्या लशींतील विषाणूबरोबर त्वचेंत टोंचला, तर रोगाचा प्रादुर्भाव किती तरी अधिक विस्तारानें होत असे. त्या अर्कांत कांहीं तरी ‘प्रसारक द्रव्य’ असलें पाहिजे, एवढेंच त्या वेळीं म्हणतां आलें. पुढें सापांच्या विषांतही असेंच द्रव्य सांपडलें. त्याचें खरें स्वरूप १९३९-४० सालीं अर्न्स्ट चेन व डथी या दोघांनीं इंग्लंडांत उघड केलें. तें प्रसारक द्रव्य म्हणजे हायल्युरोननचे धागे कातरणारी एक कात्री होती. धाग्यांचें दाट जाळें कापलें गेलें कीं विष असो, विषाणु असो, त्यास आंत शिरण्याला राजमार्ग मोकळा होतो. हेच चेन पुढें पेनिसिलिनच्या कार्यासाठीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाचे वांटेकरी झाले. बर्लिन सोडून आलेले हेही एक निर्वासित ज्यूच. एकानें धागा शोधला, दुसऱ्यानें कात्री ओळखली. आणि ज्या देशानें दोघांनाही परके ठरविलें, त्याच देशांत दोघेही जन्मले होते, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाला विसरतां येत नाहीं.

याच सुमारास फुफ्फुसाचा संबंध प्रथम दिसूं लागला, तो जंतूंच्या द्वारें. न्युमोनियाच्या ज्या सुप्रसिद्ध जंतूला न्युमोकॉकस म्हणतात, त्याच्याजवळही ही कात्री असते, असें मायर, रेने दुबॉस व स्मिथ यांनीं १९३७ सालीं दाखविलें. त्याच वर्षीं केंडॉल, हायडेलबर्गर व डॉसन यांना स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या एका जातीच्या अंगावर जें बुळबुळीत कवच असतें तें तपासतांना आढळलें कीं, तें हायल्युरोननचेंच आहे. माणसाच्या अंगांतील द्रव्य आणि जंतूचें पांघरूण हीं दोन्हीं एकच! रावणानें यतीचा वेष घेतला, कारण यतीला दारांत कोणी अडवीत नाहीं. या जंतूनेंही तीच युक्ति साधली आहे. यजमानाचेंच वस्त्र पांघरून आल्यावर शरीराच्या पहारेकऱ्यांनीं त्यास परका म्हणून ओळखावें कसें? १९१८ सालच्या जूनमध्यें जो इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरांतून हिंदुस्थानांत शिरला, त्यांत असंख्य बळी गेले ते मागाहून आलेल्या अशाच जंतूंच्या न्युमोनियानें. वृद्धांच्या तोंडून त्या साथीच्या कथा ऐकलेल्या आमच्या पिढीला या रसायनज्ञांच्या कोरड्या निबंधांत आपल्याच घराण्याच्या इतिहासाचें एखादें पान सांपडल्यासारखें वाटतें.

३

महायुद्धानंतरचीं ३० वर्षें या द्रव्यास चांगलीं गेलीं. मायर यांना १९५६ सालीं लॅस्कर पारितोषिक मिळालें. हंगेरींतून स्वीडनला व तेथून अमेरिकेस गेलेल्या एन्द्रे बलाझ यांनीं कोंबड्यांच्या तुऱ्यांतून हें द्रव्य अत्यंत शुद्ध स्वरूपांत काढण्याची रीत बसविली. १९८० च्या सुमारास तें डोळ्याच्या शस्त्रक्रियेंत वापरलें जाऊं लागलें, आणि आज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत डोळ्याच्या आंतील नाजूक थर संभाळण्यासाठीं त्याचा सर्रास उपयोग होतो. वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांत जें वंगणाचें इंजेक्शन देतात, तेंही पुष्कळदां याचेंच असतें; आणि हल्लीं तर चेहऱ्याच्या मलमांच्या जाहिरातींतून याचें नांव लहान मुलींच्याही तोंडीं झालें आहे. सांगण्याचा हेतु एवढाच कीं, या सर्व उपयोगांत तें सौम्य, निरुपद्रवी, केवळ ओलावा व गुळगुळीतपणा देणारें समजलें गेलें. पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेंत भरलेलें सारण, यापलीकडे त्याची प्रतिष्ठा नव्हती.

ही समजूत बदलण्यास फुफ्फुस कारण झालें. आपल्या फुफ्फुसांत ३० ते ५० कोटि सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या भिंतीच्या एका बाजूस हवा व दुसऱ्या बाजूस केशवाहिन्यांतील रक्त. आणि मधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. प्राणवायु त्यांतून सहज आरपार जातो तो या पातळपणामुळेंच. परंतु जी भिंत इतकी पातळ, ती फुटण्यास वेळ तो काय लागणार? १९६७ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथील अ‍ॅशबॉ, बिगेलो, पेटी व लेव्हिन या वैद्यांनीं १२ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. कोणाला अपघात झाला होता, कोणाला विषाणूचा न्युमोनिया, एकाला तर स्वादुपिंडाचा विकार. कारणें निरनिराळीं, पण कांहीं तासांत वा दिवसांत सर्वांची अवस्था एकच झाली: श्वास जलद, ओठ निळसर, आणि प्राणवायु देऊनही रक्तांत तो पुरेसा चढेना. या अवस्थेस तीव्र श्वासक्लेशाचा विकार म्हणतात. मूळ घाव कोठें कां पडेना, फुफ्फुस पाण्यानें भरून जड होतें, आणि मूळ कारणाचा बंदोबस्त झाला तरी विकार आपल्या गतीनें चालूंच राहतो. वहिनींचा प्रश्न वैद्यकाच्या दफ्तरांत नोंदला गेला, तो हा असा.

येथें नांवांच्या सारखेपणानें होणारा एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा रोग्यांच्या वायुकोशांत सूक्ष्मदर्शकाखालीं काचेसारखे चकचकीत पापुद्रे दिसतात, आणि त्यांनाही वैद्यांनीं त्याच ग्रीक शब्दावरून नांव दिलेलें आहे. पण ते पापुद्रे मुख्यतः रक्तांतून झिरपलेल्या प्रथिनांचे व मृत पेशींचे असतात. हायल्युरोननशीं त्यांचें नातें केवळ नांवापुरतें. खरें हायल्युरोनन साध्या रंगांनीं दिसतच नाहीं, आणि म्हणूनच तें इतकीं वर्षें दुर्लक्षित राहिलें.

१९८० च्या सुमारास स्वीडनमधील उप्साला येथें लॉरेंट व टेंगब्लाड यांनीं हें द्रव्य अत्यल्प प्रमाणांतही मोजण्याची पद्धति सिद्ध केली, आणि चित्र पालटलें. फुफ्फुसांत खारें पाणी सोडून तें पुन्हां ओढून घेतात व तपासतात. अशा धुवणांत हें द्रव्य स्वीडिश वैद्य मोजूं लागले. १९८५ सालीं सार्कॉइडोसिस या विकारांत, १९८७ सालीं कुजक्या गवताच्या धुळीनें शेतकऱ्यांस होणाऱ्या फुफ्फुसदाहांत, आणि १९८९ सालीं त्या भयंकर श्वासक्लेशाच्या विकारांत तें वाढलेलें आढळलें. त्याच वर्षीं प्राण्यांवरील प्रयोगांत असेंही दिसलें कीं, फुफ्फुसांत हायल्युरोनन जसजसें सांचतें तसतसें पाणीही वाढतें. पाणी धरून ठेवण्याचा जो गुण डोळ्यांत व सांध्यांत उपकारक, तोच वायुकोशांत प्राणघातक ठरावा, यांत नवल नाहीं. धरणांतील पाणी आणि ओसरींतील पाणी यांत हाच फरक असतो.

४

परंतु केवळ पाणी धरण्यानें सर्व उलगडा होत नव्हता. दाह कां वाढतो, हें कोडें तसेंच होतें. या कोड्याचा एक दुवा फुफ्फुसाबाहेरच १९८५ सालीं इंग्लंडमध्यें मँचेस्टर येथें मिळाला. वेस्ट, कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, हायल्युरोननचे बारीक तुकडे नव्या रक्तवाहिन्यांची वाढ घडवून आणतात. लांब धाग्यांत हा गुण नाहीं. रसायनदृष्ट्या दोहोंत तसूभर भेद नाहीं. मणी तेच, ओवण्याचा क्रम तोच. भेद केवळ लांबीचा. तरीही शरीर त्यांना दोन निरनिराळे शब्द म्हणून वाचतें. ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकानें ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जें अंतर पडतें, त्याचा हा शरीरांतील नमुना म्हणावयास हरकत नाहीं.

अमेरिकेंत पॉल नोबल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हाच प्रश्न फुफ्फुसांत नेला. वायुकोशांत झाडलोट करणाऱ्या ज्या भक्षक पेशी असतात, त्यांना हे तुकडे मिळाले कीं त्या दाहाला आवतण देणारीं द्रव्यें सोडूं लागतात, असें १९९० नंतरच्या दशकांत त्यांना आढळलें. नेमक्या याच काळांत रोगप्रतिकाराच्या शास्त्रांतही एक मोठें मतपरिवर्तन होत होतें. शरीर परक्या वस्तूवर चाल करून जातें, ही जुनी उपपत्ति. १९९४ सालीं पॉली मॅट्झिंगर यांनीं असें मांडलें कीं, शरीराची हांक ‘परका आला’ अशी नसून ‘घात झाला’ अशी असते. स्वतःच्या मोडलेल्या, विसकटलेल्या अंशांवरूनही तें सावध होतें. फळमाशींत व मागाहून सस्तन प्राण्यांत ‘टोल’ कुळांतील जे ग्राहक सांपडले, त्यांच्या शोधाबद्दल २०११ सालीं नोबेल पारितोषिक दिलें गेलें. हे ग्राहक जंतूंच्या अंगावरील खुणा ओळखतात. आणि हायल्युरोननच्या तुकड्यांनाही तेच ओळखतात, असे पुरावे २००२ पासून येऊं लागले. घराची कौलें खळाखळ फुटूं लागलीं कीं दरोडेखोर दिसण्याची वाट न पाहतां शेजारी धांवून येतात, तशांतलाच हा प्रकार.

पुढचे दोन प्रयोग या कथेंतील सर्वांत महत्त्वाचे होत. ब्लिओमायसिन हें कर्करोगावरील औषध आहे, परंतु फुफ्फुसाला इजा करण्याचा दोषही त्यांत आहे. म्हणून प्रयोगांत मुद्दाम इजा करण्यासाठीं तें वापरतात. पेशींच्या पृष्ठभागावर हायल्युरोनन धरणारा सीडी-४४ नांवाचा एक ग्राहक असतो. तो ज्यांच्यांत जन्मतःच नाहीं अशा उंदरांना टेडर, नोबल वगैरे संशोधकांनीं ब्लिओमायसिन दिलें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत त्या उंदरांचा दाह शमलाच नाहीं. तुकडे फुफ्फुसांत सांचत राहिले व उंदीर मेले. पंगत उठल्यावर उष्टीं काढणारें कोणी नसावें आणि मांडवांत माशा घोंगावूं लागाव्यात, तशी त्या फुफ्फुसांची दशा झाली. दाह पेटणें ही एक क्रिया. दाह विझणें ही त्या क्रियेचा नुसता अभाव नसून दुसरी स्वतंत्र क्रिया आहे, आणि तिलाही हात लागतात, हें या प्रयोगानें शिकविलें.

दुसरा प्रयोग २००५ सालचा, जियांग, नोबल व त्यांच्या सहकाऱ्यांचा. तुकड्यांची हांक ऐकणारे दोन टोल-ग्राहक ज्यांच्यांत नाहींत असे उंदीर त्यांनीं घेतले. हांकच ऐकूं न आल्यामुळें दाह कमी व्हावा आणि उंदीर जगावेत, अशी कोणाचीही अटकळ असती. दाहाच्या पेशी खरोखरच कमी आल्या; परंतु उंदीर जास्त मेले, आणि वायुकोशांचें अस्तर अधिकच उद्ध्वस्त झालें! ज्या हांकेनें आग भडकते, तीच हांक अस्तराच्या पेशींना तग धरण्याचा व डागडुजीचाही इशारा देत होती. याच निबंधांत आणखी एक गोष्ट होती. ज्या उंदरांच्या वायुकोशांच्या अस्तरावर लांब, अखंड हायल्युरोनन अधिक तयार होईल अशी योजना केली होती, ते त्याच इजेंतून अधिक सुरक्षित राहिले. म्हणजे अखंड धागा हें कवच, तुटलेला धागा ही आरोळी. आणि आरोळी अगदींच बंद केली तर घर सांवरण्यासही कोणी येत नाहीं.

५

या शोधांचा उजेड वैद्यांच्या एका जुन्या दुखण्यावरही पडला. श्वास देणारें यंत्र जीव वांचवितें. पण तेंच फुफ्फुसाला ताणून इजाही करतें, हा संशय फार दिवसांचा होता. २००० सालीं अमेरिकेंत ८६१ रोग्यांवर झालेल्या चांचणींत यंत्राचा प्रत्येक श्वास लहान ठेवला, तेव्हां मृत्यूंचें प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलें. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. केवळ हात आंखडता घेतला. पुढें २००४-०५ सालच्या प्रयोगांत दिसलें कीं, फुफ्फुसाच्या पेशी फार ताणल्या गेल्या तर त्या आंखूड हायल्युरोनन बनवूं लागतात, आणि तें बनविणारें एक विशिष्ट विकर ज्या उंदरांत नव्हतें त्यांना यंत्राची इजा कमी झाली. ताणाचें रूपांतर दाहांत कसें होतें, याचा हा एक तरी मार्ग सांपडला. ओझोनसारख्या दूषित हवेनें श्वासनलिका चिडखोर होतात, त्यांतही हे तुकडे भाग घेतात आणि लांब धागे तो परिणाम शमवितात, असें २००९ सालीं उंदरांत दाखविण्यांत आलें.

आतां दुसऱ्या पक्षाचें म्हणणें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. हे सर्व तुकडे संशोधक आणीत कोठून? कोंबड्यांच्या तुऱ्यांतून, नाळेंतून किंवा जंतूंपासून. अशा द्रव्यांत जंतूंच्या कवचांतील विषाचा अंश राहून जाण्याचा संभव असतो, आणि तें विष अगदीं लेशमात्र असलें तरी त्याच टोल-ग्राहकांना जागें करतें. मग जागें कोणी केलें, तुकड्यांनीं कीं त्यांबरोबर आलेल्या विषानें? अत्यंत शुद्ध केलेल्या तुकड्यांनीं दाह होत नाहीं, असें कांहीं संशोधकांनीं प्रयोगानें दाखविलें आहे. इतरांनीं विषाचा अंश वगळूनही परिणाम दिसतो असें म्हटलें आहे. हा वाद पुरता मिटलेला नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रकार परका नाहीं. अस्सल म्हणून मानलेल्या बखरींत मागाहून घुसडलेला मजकूर निघावा व त्यावर उभारलेलीं अनुमानें पुन्हां तपासावीं लागावीं, असें आमच्याही शास्त्रांत घडतें. सत्य त्यामुळें खोटें ठरत नाहीं. साक्षीदाराची मात्र उलटतपासणी करावी लागते. जनुकें बदललेल्या उंदरांचे प्रयोग बाहेरून टोंचलेल्या तुकड्यांवर अवलंबून नाहींत, म्हणून मला त्यांची साक्ष अधिक वजनदार वाटते.

६

२०२० सालीं कोविडची साथ आली. त्याच वर्षीं स्वीडनमधील उमिओ येथील संशोधकांनीं त्या रोगानें दगावलेल्या रोग्यांच्या वायुकोशांत, जेथें हवा असावयाची तेथें, हायल्युरोनन भरलेलें असल्याचें दाखविलें. गुरांच्या डोळ्यांत मायर यांना सांपडलेला तो काचाभ रस ८६ वर्षांनीं माणसाच्या श्वासाच्या जागीं येऊन बसला होता. पित्ताच्या विकारांवर युरोपांत दिलें जाणारें हायमेक्रोमोन नांवाचें एक जुनें औषध हें द्रव्य बनण्यास अटकाव करतें. त्याचा फुफ्फुसांच्या विकारांत उपयोग होईल काय, याचे प्रयोग सुरू झाले. परंतु त्या साथींत ज्याची उपयुक्तता प्रथम निर्विवाद ठरली तें औषध निराळें होतें. इंग्लंडांतील मोठ्या चांचणीचा निकाल २०२० च्या जूनमध्यें आला: डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या, दाहशामक औषधानें यंत्रावर असलेल्या रोग्यांतील मृत्यु सुमारें एक-तृतीयांशानें, व केवळ प्राणवायु लागणाऱ्यांतील सुमारें एक-पंचमांशानें घटले. तें विषाणूला मारीत नाहीं. शरीराचा स्वतःचा दाह आंवरतें. आणि ज्यांना प्राणवायूची गरजच पडली नव्हती, त्यांना त्यापासून कांहींच लाभ झाला नाहीं. हांक केव्हां ऐकावी आणि केव्हां थांबवावी याला वेळकाळ आहे, हें २००५ सालच्या उंदरांनीं सुचविलेलें तत्त्व माणसांच्या बाबतींतही निराळ्या रीतीनें प्रत्ययास आलें.

हा इतिहास पाहिल्यावर एक गोष्ट मनांत ठसते. आरोग्यावरील आपल्याकडील लोकप्रिय लिखाणांत प्रत्येक द्रव्याला देव तरी करतात किंवा दैत्य तरी. अमुक ‘प्रतिकारशक्ति वाढवितें’, म्हणून तें घ्यावें. तमुक ‘दाह करतें’, म्हणून तें टाळावें. त्या साथीच्या काळांत काढे, गोळ्या व वाफारे यांचा जो सुकाळ झाला, त्याच्या बुडाशीं हीच वृत्ति होती. हायल्युरोनन या वृत्तीला उत्तर देतें. एकच द्रव्य, एकच रचना. लांब असतां रक्षण करतें, तुटल्यावर हांक मारतें, वेळीं उचललें न गेल्यास घात करतें. त्यास चांगलें म्हणावें कीं वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोठें, केव्हां, किती आणि कोणत्या अवस्थेंत, हे खरे प्रश्न होत. आणि हे प्रश्न ज्यांनीं विचारले, त्यांपैकीं आरंभींच्या कोणाचेंही लक्ष फुफ्फुसाकडे नव्हतें. कोणी बैलाच्या डोळ्याकडे पाहत होता, कोणी सापाच्या विषाकडे, कोणी कोंबड्याच्या तुऱ्याकडे. ‘याचा उपयोग काय?’ असें त्यांना त्या वेळीं विचारून ज्यांनीं पैसा आंखडला असता, त्यांनीं नकळत आपल्याच नातवंडांचा श्वास आंखडला असता.

गेल्या वर्षीं भावाच्या श्राद्धाच्या दिवशीं मीं वहिनींना हें सारें जमेल तसें सांगितलें. म्हटलें, विषाणु गेला होता हें खरें. पण त्यानें जें मोडलें होतें तें उचलून होण्यापूर्वींच नवें मोडत होतें, आणि शरीर आपल्याच तुटलेल्या अंशांच्या हांकेला ओ देत राहिलें. हें सर्वच कारण नव्हे, अनेकांतील एक. आणि दादांच्या बाबतींत नेमकें काय झालें तें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. वहिनींनीं तें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, “म्हणजे ते लढतांना चुकले नाहींत, त्यांना थांबतां आलें नाहीं.” नव्वद वर्षांच्या संशोधनाचें सार याहून थोडक्या शब्दांत मला सांगतां आलें नसतें. त्यांनीं पान वाढावयास घेतलें, आणि मी बाहेर कावळ्याची वाट पाहत उभा राहिलों.